सदूच्या नावचा घास

॥ श्री ॥

मुक्काम कुडपण,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप सदूदादास,

धाकट्याचा नमस्कार तुझ्या पायांपाशी पोचो. पत्राच्या आरंभी ‘आपण खुशाल असाल’ असं लिहावं, हे मी शाळेत मुलांना छडी दाखवून शिकवतो. आज स्वतः लिहायला बसलो आणि तिथेच टाक अडला. दादा, तू खुशाल आहेस! तुझं माझगावचं पत्र टपालवाल्याने देवळात, तिथे भरणाऱ्या माझ्या शाळेत, माझ्या हातात दिलं. वरचं अक्षर पाहिलं आणि मी मटकन खाली बसलो, तो नेमका मुलांच्या पाट्यांवर. पाट्या फुटल्या, मुलं हसली, आणि मी त्यांच्यादेखत रडलो.

तुला वाटेल, जिवंत माणसाचं पत्र आलं तर त्यात एवढं काय! पण आमच्या लेखी तू भाद्रपदातच गेलास. बोटीच्या कंपनीने कळवलं, की भंडाऱ्याच्या, म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्याच्या, हाताखालचा खलाशी सदू, राहणार कुडपण, मोंबासाच्या इस्पितळात तापाने वारला आणि त्याला तिथेच माती दिली. पाठोपाठ तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेली पत्र्याची पेटीही आली. इथे आम्ही रीतीप्रमाणे सगळं केलं. तू तिकडे इस्पितळात अंथरुणाला खिळून होतास, घरून पत्र का येत नाही म्हणून रुसत होतास, आणि आम्ही इकडे डोकी भादरून बसलो होतो. माझे केस आता कुठे कानावर आलेत.

बाकी वर्तमान असं. म्हैस व्यायली, रेडी झाली. नाचणी बरी उतरली. वरीत मात्र रानडुकरांनी आपला वाटा घेतला. पाचाडची जी मुलगी तुझ्यासाठी बघून ठेवली होती, ती नाते गावात दिली. तुझ्या जाण्याने कुणाचं भलं झालं असेल तर तिचंच. रागावू नकोस, थट्टा केली. आई बरी आहे. कंपनीचं पत्र आलं तेव्हा तिने अंथरूण धरलं होतं. आता उठून दळण-कांडण करते, दोन वेळा जेवते, कधीकधी हसतेसुद्धा.

माझं अक्षर वेडंवाकडं दिसलं तर दोष टाकाचा नाही. कागद दाबून धरायला डावा हात लागतो, आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं सध्या कामातून गेलीत. तुझ्या पेटीत निघालेली ती गिटार मी शिकतोय. हस तू. तू वाजवतोस हे आम्हाला कधी सांगितलंच नाहीस. गावात तिला ‘सदूचं तुणतुणं’ म्हणतात. सहा तारा, आणि सगळ्या वैरिणी.

पहिल्या दिवशी बोटांवर तारांचे वळ उठले. दुसऱ्या दिवशी वळांचे फोड झाले. मग फोड फुटले आणि त्यांत खडूची पूड गेली, तेव्हा मी मुलांना काही कारण नसताना सुट्टी दिली. धार काढताना तर म्हैस आणि मी दोघंही ओरडत होतो. आपण कोयता धरणारी माणसं, आपल्या हातांना घट्टे नवे नाहीत. पण घट्टा पडतो तो तळहाताला. बोटाच्या टोकाला आपल्या सात पिढ्यांत कुणी काम दिलेलं नाही.

आई हळद आणि खोबरेल लावून चिंध्या बांधते. आबाजी म्हणाले, बिब्बा लाव. आबाजी तुला आठवतातच, देवळातले पुजारी, गावच्या प्रत्येक दुखण्याला ज्यांच्याकडे बिब्बा असतो. लावला, आणि बोटं भोपळी मिरचीसारखी सुजली. शेवटी महाडला गेलो होतो तेव्हा बाजारपेठेत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या पेन्शनरांना हात दाखवला. ते सतार वाजवतात. ते म्हणाले, बोटं तुरटीच्या पाण्यात बुडवा, फोड यायच्या आत थांबा, आणि थोडं थोडं पण रोज बसा. मग माझी बोटं खिडकीच्या उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, “कातडं मेल्याशिवाय तार बोलत नाही, मास्तर.” त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं. मला मात्र ते ऐकायला बरं वाटलं नाही.

आता एक विनंती. तू लिहितोस, पुढच्याच आगबोटीने निघतो आणि घर गाठतो. दादा, इतक्यात नको येऊस. अंगात ताकद नाही म्हणतोस, इथे वर थंडी कडाक्याची, आणि पोलादपूरपासूनची चढण तुला ठाऊकच आहे. शिमग्याला ये. आईची काळजी करू नकोस.

तुझं पत्र आईला अजून वाचून दाखवलेलं नाही. दाखवीन. कसं दाखवावं, याचाच विचार करतोय.

तुझा एकुलता एक भाऊ,
महिपत

॥ श्री ॥

मुक्काम कुडपण,
पौष वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप सदूदादास,

नमस्कार. तुझ्या शिव्या पोचल्या. पोटभर दिल्यास, आणि त्यांतल्या अर्ध्या मला लागूही आहेत. पण ‘मी मेलो नाही म्हणून तुला वाईट वाटलं का रे’ हे जे शेवटी लिहिलंस, ते वाचून पत्र खाली ठेवलं. तू सुटलास यापरता आनंद मला जन्मात झालेला नाही. थंडी आणि चढण ही कारणं खोटी होती. खरं कारण लिहायला मला धीर होत नव्हता. आता लिहितो, पत्र खोलीतल्या कुणासमोर वाचू नकोस.

दर्भाचा पुतळा करून तुला अग्नी दिला होता. दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. जांभळीवर कावळे बसलेले होते, पण आमच्याकडे पाठ करून. मग नेहमीचं सुरू झालं. मामा म्हणाले, “सदू, तुझ्या आईला अंतर देणार नाय.” कावळा हलला नाही. मी म्हटलं, जमीन ओसाड टाकणार नाही, म्हैस विकणार नाही. नाही. भावकीतला जो तो पुढे होऊन काही ना काही कबूल करून गेला. आई मात्र काहीच बोलली नाही. पदर तोंडावर धरून लांब उभी होती.

ऊन माथ्यावर आलं. भटजी दर्भाचाच कावळा करून उरकायला निघाले. तेव्हा मला, खरं सांगतो, राग आला. भूक लागली होती, डोकं तापलं होतं. मी वैतागून म्हणालो, “दादा, तुझं ते वाजप पडू देणार नाही. मी शिकतो. झालं?” शब्द तोंडात होता तोवर कावळा खाली उतरला. नुसता शिवला नाही, दादा. खाल्लं. एक शीत ठेवलं नाही.

सगळ्यांनी हात जोडले. तुझा जीव त्या लाकडात अडकला होता असं ठरलं. दहाव्याला दिलेला शब्द मोडायचा नसतो, म्हणून मी शिकायला बसलो.

आता तू जिवंत आहेस. मग खाल्लं कुणी?

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी, फुटक्या पाट्यांवर बसल्या बसल्या मला हा प्रश्न पडला. त्याआधीच्या गोष्टी मी हसण्यावारी नेत होतो. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, निदान शाळेच्या वेळात तरी नाही. पण एकेक जुळवायला लागलो आणि हसू आटलं.

मला शिकवणारं इथे कोण आहे, सांग! मला साधं सा-रे-ग-म येत नाही. दुखऱ्या बोटांनी नुसता चाचपडत बसायचो. एक दिवस ध्यानात आलं, की बोट सगळीकडे सारखं दुखत नाही. एका जागी दाबलं की आग होते, जरा सरकवलं की निवतं. उन्हातून अनवाणी जाणारा माणूस सावली बघून पाऊल टाकतो, तसा मी निवाऱ्याच्या जागा शोधत गेलो. त्या एकामागून एक वाजवल्या तर त्यांचं गाणं झालं. संथ आहे, परक्या मुलखातलं आहे, मी जन्मात ऐकलेलं नाही. जरा वर चढतं, थबकतं, मागे वळून बघितल्यासारखं करतं आणि उतरतं. पण एका ठिकाणी येऊन तुटतं. तिथून पुढे कुठेही बोट ठेवलं तरी आगच.

फोड कधीच गेले. टोकं खुरासारखी निबर झालीत. तव्यावरची भाकरी मी डाव्या हाताने उलटतो, चटका कळत नाही. परवा तर आईने माझा हात हातात धरला आणि बोटांना तिचा हातही कळला नाही. चुकीच्या जागेवरची तार मात्र कळते. म्हाताऱ्याने सांगितल्याप्रमाणे कातडं मेलं. पण मेलं ते माझ्यापुरतं, असं मला वाटायला लागलंय.

आता आईचं. ती पहिल्यापासून म्हणायची, “दुपारी सदूने वाजवलं.” दुपारी मी शाळेत असतो. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, तीच तारा छेडत असेल. एकदा लाडात आल्यासारखा तिचा हात घेऊन बोटं निरखली. कामाने फुटलेली आहेत, पण टोकाला तारेची खाच नाही. ती खाच लपत नाही. माझ्या टोकांना आता जन्माची आहे. मग गिटार उन्हात नेऊन पाहिली. मी बोटं ठेवतो तिथे तारा घासून चकचकीत झाल्यात, हे ठीकच. पण पार खाली, लाकडाच्या पोटापर्यंत, जिथे माझं बोट कधी गेलेलं नाही, तिथेही त्या चकचकीत आहेत. पेटीतून निघाली तेव्हा सगळ्या गंजलेल्या होत्या.

तिन्हीसांजेला आई अंगणात उभी राहून हाक मारते, “सदू रे, जेवाय ये.” चुलीच्या उजव्या अंगाला, तुझ्या जागी, ताट वाढते. सकाळी ते कावळ्याला जातं, आणि कावळा वाट बघत बसलेला असतो. कुत्रं त्या कोपऱ्याला वळसा घालून जातं. असं सगळं चालू असताना मी आईला काय सांगू? सदू जिता आहे म्हटलं तर ती विचारील, मग ह्यो कोण? आणि या म्हातारपणी तिचं उठलेलं अंथरूण परत पडलं तर?

गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, “आई, तुला तो दिसतो?”

“दिसत नाय. पावलं ऐकू येतात.” मग पीठ मळता मळता जरा थांबली. “पर दगड वाजत नाय रे.”

आपल्या पायरीचा तो डुगडुगता दगड. तू येता-जाता मुद्दाम त्यावर पाय द्यायचास, खट्ट वाजवायचास आणि बाबांच्या शिव्या खायचास. “ह्यो टाळून येतो,” आई म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. दादा, नवखं माणूस त्या दगडावर हमखास पाय देतं. टाळतं ते घरचंच.

म्हणून विचारतो. ही गिटार तू कुणाकडून शिकलास? ते मधेच तुटणारं गाणं कुणाचं? उलट टपाली कळव. आणि तुला माझी शपथ आहे, तोवर येऊ नकोस.

तुझा, सध्या दिवसाउजेडीही भिणारा,
महिपत

॥ श्री ॥

मुक्काम कुडपण,
माघ वद्य अष्टमी

प्रिय दादा,

नमस्कार. या वेळी मायन्यात तुझं नाव घातलं नाही, त्याला कारण आहे. पुढे येईलच.

तुझं पत्र ओढ्यावर एकट्याने वाचलं. तर पेटी तुझी नव्हतीच. कंपनीने माणसांबरोबर पेट्यांचीही अदलाबदल केली. गिटार पास्कूची, तुझ्याच बोटीवरच्या, शेजारच्या खाटेवर गेलेल्या गोव्याच्या पास्कूची. तू ती एकदाच हातात घेतलीस आणि बोटं सोलली म्हणून लगेच परत दिलीस, हे वाचून एवढ्यातही हसू आलं. आपल्या घरात शहाणा तूच.

पुढचं मात्र मी दोनदा वाचलं. लहानपणीच आईबाप गेलेला, घर म्हणून ठाऊक नसलेला तो पास्कू तापात तुझ्याकडून कुडपणच्या आपल्या घराचंच ऐकत पडायचा. फणस कुठे, गोठा कुठे, आई हाक कशी मारते, पायरीचा कुठला दगड टाळायचा. ‘म्हणायचा, सदू, तुझं घर मी डोळे मिटून शोधीन.’ आणि ते गाणं त्याच्या आईचं. त्याला अर्धंच आठवायचं, आणि त्या जागी येऊन तो दरवेळी गप्प व्हायचा.

हे वाचून माझी भीती गेली असं म्हणणार नाही. पण भीतीच्या जोडीला वाईट वाटायला लागलं.

कुणाला तरी सांगणं भाग होतं, म्हणून आबाजींना सांगितलं. त्यांनी बिब्बा सुचवला नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाले, “पिंड सदूच्या नावचा. खाल्ला त्याने. आता नाव त्याचं झालं. एका नावाची दोघं एका उंबऱ्यात मावत नाय, मास्तर. जिता सदू घरला आला आन् आईच्या हाकेला दोघांनी ओ दिली, तर एकाला जावं लागंल. जो मेलाय तो आनि कुठं जायाचा?”

मी विचारलं, उपाय काय? म्हणाले, “ते लाकूड ओढ्याच्या कोंडीत, खोल पाण्यात बुडव. शिमग्याच्या आत.”

मी गेलो. खोटं कशाला बोलू, आनंदाने गेलो. गेलेला भाऊ मला परत मिळालाय. तुझ्यापुढे कुठल्या कोण पास्कूची मला काय पर्वा! भर दुपारी कोंडीच्या काठावर उभा राहिलो आणि गिटार पाण्यावर धरली.

आणि बोटं दुखायला लागली. इतके दिवस मेलेली टोकं, दादा, पहिल्या आठवड्यासारखी दुखायला लागली. फोड नव्हता तरी फुटल्यासारखी. सोडू म्हटलं तर सुटेना. बोटं तारांवर वळून घट्ट बसली होती, आणि बसली होती ती नेमकी गाणं तुटतं त्या जागेवर. पाण्याशी नेलं की लहान पोर आपलं बोट कसं धरतं, तसं ते धरणं होतं. मी त्याला काय सांगणार? तिथेच खडकावर बसलो आणि म्हणालो, बरं बाबा, बरं. मग हात सुटला. गिटार काखेत मारून घरी आलो.

आईसमोर बसलो आणि तुझी तिन्ही पत्रं एका दमात वाचून दाखवली. मला वाटलं, ती ओरडेल, मला झोडपून काढील. तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, “माझा सदू जिता हाय, हे मला ठाऊक होतं.”



“पेटीतले कपडे हुंगले तवाच कळलं. ह्यो वास माझ्या पोराचा नाय. पर कागद आला म्हणून तुम्ही सगळी रडाय लागलात. माझं कोन ऐकतंय? मग मी तिन्हीसांजेला हाक मारली ती तुझ्या दादाला मारली, असशील तिथून ये म्हणून. आला ह्यो. पोर दारात येऊन उभं रायलं, भुकेलं. त्याला, तू माझा नाय, जा, असं कसं म्हणू रे? तूच सांग.”

आणि मी म्हणे तिला धक्का बसेल म्हणून तुझी पत्रं पेटीतळाशी लपवत होतो! तिच्यासमोर मला माझीच लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला. तू आहेस हे जाणून ती दुसऱ्याच्या लेकराला रोज जेवायला घालत होती, आणि तू येशील का, कधी येशील, हे कुणाला विचारायचीही तिला सोय नव्हती.

मग तिने विचारलं, “त्याचं नाव काय?”

मी सांगितलं. तिच्या तोंडात ते बसेना. पास्कू, पासकू असं पुटपुटत राहिली, चूल फुंकतानाही तेच. तिन्हीसांजेला तिने ताट वाढून घेतलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मी दारात होतो. आबाजी आले होते, पण लांब, फणसाखाली, हातात अंगारा धरून.

“पास्कू रे,” आईने हाक मारली, “जेवाय ये. तुझ्या नावचं वाढलंय.”

काही झालं नाही. वारा पडला होता. गोठ्यात म्हशीचं रवंथ थांबलं तेवढं कळलं. आई तशीच उभी. तिने पुन्हा हाक मारली, तुला लहानपणी ओढ्यावरून बोलवायची तशी, शेवटचं अक्षर लांबवून. मग आम्ही तिघांनीही ऐकलं. पायरीवर पावलं आली, दगड टाळून. कावळे त्या वेळेला झाडात गेलेले असतात, पण एक आला, आणि ताट खाली टेकायच्या आत त्याने आईच्या हातावरूनच घास उचलला.

आबाजींनी घाम पुसला. “नाव सुटलं,” म्हणाले. “सदूचं सदूला.” मग आमच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. “पर त्यो गेला नाय, वैनी.”

“जायाला कशाला पायजे?” आई म्हणाली आणि आत येऊन तिने आम्हाला वाढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई जात्यावर बसली होती आणि मी गिटार घेतली. तुटायच्या जागेपर्यंत आलो. आई ओवी म्हणत होती. बोट आपसूक तिच्या मागे गेलं, आणि आग झाली नाही. पुढचीही जागा निवलेली, तिच्या पुढचीही. त्याचं अर्धं गाणं आईच्या जात्याच्या चालीला जाऊन मिळालं आणि तिथे संपलं. पास्कूच्या आईने शेवट काय केला असेल, देव जाणे. पण त्याला हा चालला.

त्या दिवसापासून माझ्या बोटांचं निबर कातडं सुटायला लागलंय. खालून नवं येतंय, लालसर, पोराच्या कातडीसारखं. आज भाकरी उलटताना चटका बसला आणि मी आनंदाने ओरडलो; आईला वाटलं विंचू चावला. मला परत पहिल्यापासून शिकावं लागणार, परत वळ, परत फोड, परत तुरटी. शिकेन. दहाव्याला शब्द दिलाय, आणि आता तो कुणाला दिला तेही ठाऊक आहे.

हे लिहितोय ती वेळ दुपारची आहे. गिटार पलीकडच्या खोलीत खुंटीला आहे आणि माझे दोन्ही हात या कागदावर आहेत. तिकडे ते गाणं चाललंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवट झाला की परत पहिल्यापासून. आई उंबऱ्याशी नाचणी पाखडत बसली आहे. सुपाचा ताल जरा चुकला की गाणं तिच्यासाठी थांबतं.

तेव्हा दादा, ये. शिमग्याची वाट बघू नकोस, आहेस तसा ये. आगबोटीने बाणकोट, तिथून मचव्याने महाड. मी बंदरावर उभा असेन. वर पोचेतो तिन्हीसांज होईल. आई अंगणातून दोन हाका मारील. पहिलीला ओ देऊ नकोस, ती त्याची. दुसरी तुझ्या नावाची असेल, ते नाव आम्ही तुझ्यासाठी मोकळं करून ठेवलंय; पहिल्यांदा आईनेच घ्यावं, म्हणून मायन्यात मी ते घातलं नाही. चुलीच्या उजव्या अंगाला बसू नकोस. तुझा पाट डावीकडे मांडलाय, कुरकुरलास तरी तिथेच बसायचं. आणि पायरी चढताना त्या दगडावर पाय दे. चांगला जोरात दे. घरात सगळे कान लावून बसलेत.

तुम्हा दोघांचा धाकटा भाऊ,
महिपत